डाव्या पायाचं काय करायचं?



सुरुवात करण्याआधी एक विचारतो. आज इथे स्वतः गाडी चालवत कोण कोण आलंय? हात वर करा. बरेच आहेत. त्यातले सिल्क बोर्डवरून कोण आले? अरे बापरे. त्यांना आधी पाणी द्या.

मी एका संध्याकाळी एक उद्योग केला होता. मारतहळ्ळीहून सिल्क बोर्डला येताना क्लच किती वेळा दाबावा लागतो ते मोजायचं ठरवलं. दोनशेच्या पुढे गेलो आणि इब्लूरच्या अलीकडेच मोजणं सोडलं. पुढचा हिशेब डाव्या गुडघ्यानं रात्री घरी दिला.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली सतरा वर्षं बेंगळुरूत आहे. पोटापाण्यासाठी काय करतो? गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कधी कुठला गिअर टाकायचा हे शिकवणारं सॉफ्टवेअर लिहितो. आणि माझी स्वतःची गाडी? मॅन्युअल. सेकंडहँड घेतलेली, छोटी, तडफदार. ऑफिसात सगळे चिडवायचे, की हलवाई आपली मिठाई खात नाही. मी म्हणायचो, ज्याला गाडी चालवायची असते तो मॅन्युअल घेतो, ज्याला नुसतं पोचायचं असतं तो ऑटोमॅटिक घेतो. हे वाक्य मला फार आवडायचं. पुढे ते मला गिळावं लागलं. कसं, तेच आज सांगणार आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल बोलू, कारण गिअर मुळात लागतातच कशाला हे माहीत नसेल तर पुढचं सगळं भांडण हवेत राहतं.

पेट्रोलचं इंजिन हे हट्टी जनावर आहे. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की बंद पडतं. सहा-सात हजारांच्या वर गेलं की स्वतःला मोडून घेतं. त्याची खरी ताकद असते ती मधल्या एका पट्ट्यात. चाकांना मात्र शून्यापासून दीडशे-दोनशेच्या वेगापर्यंत सगळं हवं असतं. या दोघांचा मेळ घालायचं काम गिअरबॉक्स करतो. चढावर सायकलचा गिअर हलका करता, तेच. आणि इंजिन फिरत असताना चाकांशी त्याचं नातं घटकाभर तोडायचं आणि अलगद पुन्हा जोडायचं, हे काम क्लच करतो. तोडणं सोपं असतं. अलगद जोडणं शिकायला वेळ लागतो.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा आधी ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले, मग स्वतःचा मॅटाडोर टेम्पो घेतला. जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नसायचा, म्हणजे दोन दातेरी चाकांचा वेग आपोआप जुळवून घेणारी सोय नसायची. मग काय करायचं? डबल क्लच. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर ॲक्सिलरेटरचा एक ठोका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. चुकलं की गिअरबॉक्स असा ओरडायचा की शेजारच्या ट्रकवाल्यालाही कळावं. आबा मला शिकवताना म्हणायचे, “गिअर डोळ्यानं टाकायचा नसतोय, कानानं टाकायचा. गाडी बोलती, तू ऐक की.”

मी गाड्यांच्या नादाला लागलो तो त्या आवाजामुळे.

आता ऑटोमॅटिकचं. लोक ‘ऑटोमॅटिक’ असं एकच नाव घेतात, पण त्यात चार वेगळ्या जाती आहेत आणि गाडी घेताना त्या माहीत असायला हव्यात.

पहिली, टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल ढकलतो, समोरचा पंखा त्या तेलानं फिरतो. घासणारं काही नाही, म्हणून सरकत्या गर्दीत ही पद्धत सगळ्यात सोशिक.

दुसरी, सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुलींवर पट्टा असतो आणि पुलींची रुंदी बदलत राहते. ही मराठी माणसाला नवी नाही. १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं जपानच्या होंडाबरोबर कायनेटिक होंडा आणली, तिच्यात हेच तत्त्व होतं. बटण दाबलं की चालू, मूठ पिरगाळली की पळू लागली. त्याआधी घराघरांत चेतक होती. डाव्या मुठीत क्लच धरायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर बदलायचा. हँडल न सोडता हातानं गिअर! कायनेटिक आली तेव्हा चेतकवाले हसायचे, “ही काय गाडी आहे? ही बायकांची.” आणि खरंच बायकांनी ती घेतली, नोकरीला गेल्या, मुलांना शाळेत सोडलं. आज रस्त्यावर गिअरची स्कूटर शोधून दाखवा. खुद्द चेतक २०२० साली विजेवर परत आली, पहिल्यांदा पुण्यात आणि आपल्या बेंगळुरूत. गिअरशिवाय.

तिसरी जात, एएमटी. आपल्याकडे ती सर्वसामान्यांच्या गाडीत आली २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. यात गिअरबॉक्स तोच, मॅन्युअलचाच. क्लचही तोच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यंत्राचा. म्हणून ती स्वस्त पडते, आणि म्हणूनच गिअर बदलताना जरा मान डोलावते.

चौथी, ड्युअल क्लच. स्पोर्ट्स कारच्या जगात खरी उलथापालथ केली ती हिनं. पंगत आठवा. एकच वाढपी असेल तर भात वाढून झाल्यावर तो आत जाणार, वरण घेऊन येणार, तोपर्यंत तुम्ही ताटाकडे बघत बसणार. दोन वाढपी असले की एक भात वाढत असताना दुसरा वरणाचं भांडं घेऊन मागे उभाच असतो. ड्युअल क्लचमध्ये एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असताना चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ताकद तुटतच नाही. पोर्शेनं हे तंत्र १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर वापरून पाहिलं, फोक्सवॅगननं २००३ मध्ये गोल्फ आर३२ मधून रस्त्यावर आणलं आणि २००८ पासून ते पोर्शे ९११ मध्ये मिळू लागलं.

आता पॅडल. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात. उजवं ओढलं की वरचा गिअर, डावं ओढलं की खालचा. ही कल्पना गाजली ती १९८९ मध्ये. जॉन बर्नार्ड नावाचा इंग्रज डिझायनर फेरारीसाठी फॉर्म्युला वनची गाडी करत होता. ड्रायव्हरच्या बाजूनं मागच्या गिअरबॉक्सपर्यंत जाणारे दांडे त्याला नकोसे झाले होते, कारण त्यांच्यासाठी गाडी रुंद करावी लागायची. त्यानं दांडा काढून टाकला, स्टिअरिंगमागे पाती लावली आणि मधलं काम विजेवर आणि हायड्रॉलिकवर सोपवलं. सरावात गाडी सारखी बंद पडायची. २६ मार्च १९८९, ब्राझीलची शर्यत. नायजेल मॅन्सेलची फेरारीसाठी पहिलीच. गाडी शेवटपर्यंत टिकणार नाही असं त्याला इतकं वाटत होतं, की त्यानं परतीचं लवकरचं विमान ठरवून ठेवलं होतं. आणि तो जिंकला. त्या वर्षी ती गाडी कितीतरी शर्यती अर्ध्यात सोडून बसली, पण जेव्हा जेव्हा शेवटपर्यंत गेली तेव्हा पहिल्या तीनात आली. १९९५ नंतर फॉर्म्युला वनमध्ये मॅन्युअल गाडी उरली नाही. १९९७ मध्ये फेरारीनं ती पाती एफ३५५ मधून रस्त्यावरच्या ग्राहकाला दिली.

वेगाच्या हिशेबानं पुढे वादच उरला नाही. आत्ताच्या पिढीची पोर्शे ९११ जीटी३ जेव्हा बाजारात आली, तेव्हा कंपनीनेच दिलेले आकडे असे होते: शून्य ते शंभर, ड्युअल क्लचनं ३.४ सेकंद, मॅन्युअलनं ३.९. तीच गाडी, तेच इंजिन, अर्ध्या सेकंदाचा फरक. शर्यतीत अर्धा सेकंद म्हणजे खूप झाला.

पण गंमत पुढे आहे. २०१३ मध्ये पोर्शेनं जीटी३ फक्त ड्युअल क्लचमध्ये आणली, तेव्हा शौकिनांनी आरडाओरडा केला. २०१६ मध्ये कंपनीनं ९११ आर ही मॅन्युअल गाडी काढली, मोजून ९९१. त्यावर लोक असे तुटून पडले की जुन्या बाजारात तिचे भाव नव्या गाडीच्या कितीतरी वर गेले. २०१७ मध्ये जीटी३ ला मॅन्युअलचा पर्याय परत आला. माणसं जास्त पैसे देऊन हळू जाणारी गाडी मागत होती. का?

याचं उत्तर मला माझ्या कामातच सापडलं. फॉर्म्युला वनमध्ये संगणकानं स्वतः गिअर निवडणं तांत्रिकदृष्ट्या कधीच शक्य झालं होतं. २००१ पासून काही काळ त्याला परवानगीही होती. मग २००४ पासून नियमानं ते बंद केलं. पाती ठेवा, क्लचचं काम यंत्राला द्या, पण गिअर कधी बदलायचा हे ड्रायव्हरनंच सांगायचं. म्हणजे बघा, गिअर बदलण्यात दोन गोष्टी आहेत. एक निर्णय आणि दुसरी मेहनत. मॅन्युअलमध्ये दोन्ही तुमच्याकडे. ऑटोमॅटिकमध्ये दोन्ही यंत्राकडे. पॅडलमध्ये मेहनत यंत्राची, निर्णय तुमचा.

आता ही फूटपट्टी बेंगळुरूला लावा. टॉमटॉमच्या २०२४ च्या अहवालात इथे १० किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटं लागत होती. पुणेकरांनी हसू नये, त्यात पुणं आपल्या लगेच मागे होतं, ३३ मिनिटं. ताशी अठराच्या आत. या वेगात गिअर कुठले? पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. यात निर्णय काय आहे? काहीही नाही. पुढची गाडी हलली की हलायचं. म्हणजे आउटर रिंग रोडवर मॅन्युअल गाडी चालवणारा माणूस निर्णय एकही घेत नाही, नुसती मेहनत करतो. आणि मी सांगत फिरत होतो, की खरं ड्रायव्हिंग ते हेच.

आता माझ्या दोन फजित्या सांगतो.

पहिली ट्रॅकवरची. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. इथून पहाटे निघून तिथे ट्रॅक-डेला जाणारे बरेच जण तुमच्यातही असतील. एका मित्रानं विश्वासानं त्याची मॅन्युअल स्पोर्ट्स कार मला चालवायला दिली. सरळ पट्ट्यावर चौथ्यातून पाचव्यात जायचं होतं. घाईत हात तिरका पडला आणि गाडी तिसऱ्यात गेली. क्लच सुटला, चाकांनी इंजिनला फरपटत नेलं, काटा लाल पट्टीच्या पार पलीकडे गेला. मग एक आवाज आला. आबांनी मला आवाज ऐकायला शिकवलं होतं, त्यामुळे काय झालं ते लगेच कळलं. व्हॉल्व्ह वाकले होते. मित्र एक शब्द बोलला नाही, त्यानं जास्त वाईट वाटलं. ते पैसे फेडायला मला दीड वर्ष लागलं.

पॅडलच्या गाडीत हे झालं नसतं. कारण, आणि हे मी आतला माणूस म्हणून सांगतो, पॅडल हा हुकूम नसतो, अर्ज असतो. तुम्ही पातं ओढलं की संगणकाकडे अर्ज जातो, “साहेब, तिसरा गिअर मिळेल का?” संगणक बघतो, तिसरा दिला तर इंजिन मरेल. अर्ज नामंजूर. असे हजारो अर्ज नामंजूर करणाऱ्या ओळी मी स्वतः लिहिल्यात. आणि तरी मला कोणी नाकारलेलं नको होतं. चूक करायचा हक्क हवा होता. हक्क बजावला, दीड वर्ष हप्ते भरले.

दुसरी फजिती डाव्या पायाची. ऑफिसच्या ऑटोमॅटिक गाडीत पहिल्याच आठवड्यात सिग्नल दिसला आणि डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला. क्लच नव्हता, ब्रेकचं रुंद पेडल होतं. क्लच दाबायच्या जोरानं ब्रेक दाबला गेला. गाडी जागच्या जागी, आम्ही तिघे पट्ट्यांवर लोंबकळतोय आणि मागच्या रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये माझा जो उद्धार केला तो मी इथे सांगू शकत नाही. शर्यतीतले ड्रायव्हर डाव्या पायानं ब्रेक मारतात हे खरं, पण ते लहानपणी कार्टिंगपासून तसेच शिकलेले असतात. आपण ज्यांचा डावा पाय क्लचवर वाढला, त्यांनी ऑटोमॅटिकमध्ये तो मागे घेऊन ठेवायचा, उठवायचाच नाही. हे एवढं जरी आज घरी नेलंत तरी माझं बोलणं कारणी लागलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी आबांच्या डाव्या पायावर माल उतरवताना लोखंडी पिंप पडलं. घोट्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, पाय वाचला, पण घोटा कायमचा ताठ झाला. चालता येतं, काठी लागत नाही, पण पाऊल खाली दाबता येत नाही. म्हणजे क्लच नाही. मॅटाडोर विकला. त्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, “डावा पाय न्हाई म्हंजे डायवर न्हाई. संपलं.”

चाळीस वर्षं स्टिअरिंगवर असलेला माणूस दारात खुर्ची टाकून बसायला लागला. आई फोनवर सांगायची, दिवसभर रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कुणाचा गिअर चुकला ते पुटपुटतात. मी इथे बेंगळुरूत बसून रोज काय करत होतो? क्लचशिवाय गाडी चालावी म्हणून सॉफ्टवेअर लिहीत होतो. आणि आबांना एक ऑटोमॅटिक घेऊन द्यावी हे मला तब्बल आठ महिने सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण मीच बोललो नाही. आबांच्या हाती ऑटोमॅटिक देणं मला त्यांचा अपमान वाटायचा. माझं ते लाडकं वाक्य आठवतंय ना? गाडी चालवणारा मॅन्युअल घेतो. मग आबांना मी काय म्हणणार होतो?

शेवटी आईच एक दिवस फोनवर म्हणाली, “तुझ्या ऑफिसात करतात तसली गाडी यांना चालंल का रे?” आईनं विचारलं म्हणून झालं.

डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं, उजवा पाय आणि दोन्ही हात ठणठणीत आहेत. मी एक जुनी एएमटी हॅचबॅक घेतली आणि बेंगळुरूहून कोल्हापूरला चालवत नेली. आबांनी गाडीला आधी एक फेरी मारली. मग आत बसले आणि पायाशी बघितलं. दोनच पेडल. म्हणाले, “तिसरं कुटं गेलं?”

रंकाळ्याला एक चक्कर मारली. पहिल्या दहा मिनिटांत चेहरा वाकडा. गिअर बदलताना गाडी मान डोलवायची. आबा म्हणाले, “ह्यो पोरगा क्लच नीट सोडत न्हाई.” यंत्राला ते पोरगा म्हणत होते, नव्या क्लीनरला म्हणावं तसं. मी समजावायला लागलो, की हायड्रॉलिक असं आहे, कॅलिब्रेशन तसं आहे. त्यांनी ऐकलं नाही. ते गाडीचं ऐकत होते. विसाव्या मिनिटाला मान डोलावणं थांबलं. मी बघत राहिलो. इंजिनचा आवाज चढला, आता गिअर पडणार असं कळलं, की ते त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडत होते. यंत्राला क्लच जोडायला जागा देत होते. एएमटी गुळगुळीत चालवायची हीच पद्धत आहे. मी ती प्रशिक्षणाच्या कागदांत लिहितो. आबांनी ती वीस मिनिटांत कानानं काढली.

पुढच्या दिवशी राधानगरीच्या रस्त्याला लागलो, दाजीपूरकडे. चढावर ठीक होतं. उतार लागला आणि गाडीनं आपल्या मनानं वरचा गिअर टाकला, पेट्रोल वाचवायला. गाडी मोकळी सुटल्यासारखी पळू लागली. आबा ब्रेकवर आले आणि चिडले. “ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतरायचं, हे तुज्या यंत्राला कुणी शिकवलं न्हाई व्हय?” मंडळी, हा नियम घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतो. खालचा गिअर ठेवला की इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. मी त्यांना दांड्याची दुसरी बाजू दाखवली, मॅन्युअलची, अधिक आणि वजाची. त्यांनी दोनदा वजाकडे मारला. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरली. आबांनी ब्रेकवरून पाय काढला आणि मागे टेकून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “मग असं सांग की आदी. म्हंजे हिला इचारता येतंय.”

त्यांच्या गाडीला पॅडल नव्हतं, स्पोर्ट्स कार तर ती मुळीच नव्हती. पण बर्नार्डनं फेरारीत जे केलं तेच त्या घाटात झालं. मेहनत यंत्रानं घेतली आणि निर्णय आबांकडे परत आला. चाळीस वर्षांत त्यांना ड्रायव्हर बनवणारी गोष्ट डावा पाय नव्हतीच. ती कानात होती.

परत आल्यावर मी ऑफिसात एक काम मागून घेतलं. उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवण्याचा भाग आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, पण तो फार बुजरा होता. त्यावर काम केलं. आबांना सांगितलं तर म्हणाले, “पगार वाढला का?”

याच शहरातलं एक घर बघा. चेतन मैनींनी २००१ मध्ये बेंगळुरूत रेवा ही विजेवरची छोटी गाडी आणली. क्लच नाही, बदलायला गिअर नाहीत. लोक तेव्हा तिला खेळणं म्हणायचे. त्यांचेच पुतणे अर्जुन आणि कुश मैनी शर्यतीत उतरले. मे २०२५ मध्ये कुशनं मोनॅकोत फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत जिंकली. तिथे जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच्या हाताखाली पॅडल होतं, सहा गिअर. काकांच्या गाडीत गिअर बदलायचाच नाही आणि पुतण्याच्या गाडीत प्रत्येक गिअरला महत्त्व. एका घरात दोन्ही सुखानं नांदतात. आपणच भांडतो.

आणि पुढे काय? विजेच्या मोटरला गिअर लागतच नाहीत, ती शून्यापासून पूर्ण जोर देते. तरी ह्युंदाईनं २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही विजेची वेगवान गाडी काढली, तिच्यात पॅडल आहेत. ती ओढली की नसलेला गिअर पडतो, मुद्दाम दिलेला झटका बसतो, स्पीकरमधून आवाज येतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. आता हसत नाही. तिथे मेहनत नाही, गिअर नाही, पण माणसाला विचारलं जावं एवढी हौस शिल्लक आहे.

तर जाता जाता कामाचं चार ओळींत सांगतो. रोजचा प्रवास गर्दीतला असेल तर ऑटोमॅटिक घ्या आणि लाजू नका. त्यातही सरकत्या गर्दीत टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी सोशिक असतात. कोरडा क्लच असलेली ड्युअल क्लच गाडी असेल तर चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा, नाहीतर क्लच तापतो. पॅडल आहे म्हणून जास्त पैसे मोजणार असाल, तर आधी स्वतःला विचारा की मी घाटात किती वेळा जातो. बहुतेक जण पहिला आठवडा ओढतात आणि विसरतात. पण घाटात, उतारावर, ओव्हरटेक करण्याआधी ते जरूर वापरा, ते त्यासाठीच आहे. आणि ज्याला आवड आहे, वेळ आहे, रिकामा रस्ता आहे, त्यानं मॅन्युअल जरूर ठेवावी. तिच्यात जी मजा आहे ती मोजता येत नाही, आणि ती नाकारायला मी इथे आलेलो नाही.

माझ्याकडे अजूनही ती जुनी मॅन्युअल आहे. रविवारी पहाटे नंदी हिल्सकडे काढतो. सोमवार ते शुक्रवार ऑटोमॅटिक. गुडघ्यानं हिशेब देणं बंद केलंय.

गेल्या दिवाळीला आबा इथे आले होते. आउटर रिंग रोडवर आम्ही पाऊण तास अडकलो. मी ऑटोमॅटिक चालवत होतो, ते शेजारी. बाजूच्या गाडीतला एक तरुण पोरगा क्लच दाबत-सोडत घामाघूम झाला होता. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील बघ, याला म्हणतात ड्रायव्हर. ते म्हणाले, “लई हाल चाललेत पोराचे. त्याला सांग की ह्याच्यातली घे म्हणून.”

काच खाली करून मी सांगितलं नाही. म्हणून आज तुम्हाला सांगितलं.